एरंडेल आणि स्पिरिट

“वास येत होता म्हणते त्याच्या अंगाले. दारूचा.”

मी बाबांच्या मोटारीखाली उताणी पडले होते. कामरगावात, आमच्या घरासमोरच्या निंबाच्या सावलीत. सकाळच होती, तरी पाठीखालची माती तापू लागली होती. बोलणाऱ्यांचे मला फक्त पाय दिसत होते. एक जोडी म्हाताऱ्या माणसाची, जाड कातडी वहाणांतली. दुसरी बाईची, अनवाणी. बोटांत जोडवी नव्हती.

“कोन म्हणते, मामाजी?”

“तो रजेवर आला होता ना पोरगा, तिकडचाच, त्यानं सांगतलं. उचलाले तोच होता म्हणे. सदरा भिजेल होता सारा.”

“मी नाई मानत.”

“तू नोको मानू. मी माळकरी माणूस आहो. दारू पेऊन मेला त्याच्या नावानं मी घागर भरत नाई. उद्या आखजी आहे. तुले यायचं असंन तं बंडीत बस. पण घागरीचं नाव काढू नोको.”

“घागर नसंन तं मी येत नाई.”

वहाणा ओट्याकडे गेल्या. अनवाणी पाय तिथंच राहिले. मग तेही स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

मी गाडीखाली आहे हे दोघांनाही माहीत होतं. पण गाडीखालचा माणूस लोकांना गाडीचाच भाग वाटतो. शिवाय मी न बोलणारी. माझ्यासमोर लोक एरवीही मोकळेपणानं बोलतात.

बोलणारे होते किन्हीराज्याचे शेतकरी किसनजी, आणि त्यांची सून यमुना. यमुनेचं माहेर कामरगावचं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि सणासुदीला आमच्या आईच्या हाताखाली काम करू लागली. किसनजी तिला परत न्यायला बैलबंडी घेऊन आले होते. बाबा गावचे डॉक्टर, त्यांना डोळे दाखवायचे हेही एक निमित्त होतं.

यमुनेचा नवरा लान्स नायक तुळशीराम. लष्करी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. दिवाळीनंतरच्या थंडीत ड्यूटीवर मरण पावला. उद्याची अक्षय तृतीया त्याच्या मागची पहिली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरतात, आंबा ठेवतात, नैवेद्य दाखवतात. ज्याची घागर भरली नाही तो तहानलेला राहतो, अशी समजूत आहे. यमुनेला ती घागर हवी होती. बाकी काही तिनं सासऱ्याकडे मागितलेलं नव्हतं.

तुळशीरामच्या मृत्यूच्या वेळी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. पण आधी गाडीचं सांगते, कारण त्या सकाळी माझे हात गाडीत होते.

बाबांची मोटार विलायती होती, कुणी वापरून दिलेली. तिचा क्लच दांड्यानं चालत नव्हता, तेलानं चालत होता. पायाखालचं पेडल दाबलं की बॉनेटखालच्या एका लहान सिलिंडरमधलं तेल बारीक नळीतून खाली गिअरबॉक्सशेजारच्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये जातं. ते तिथला दांडा ढकलतं आणि क्लच सुटतो. तेल गळालं की पेडल आधी मऊ होतं, मग जमिनीला टेकतं. गिअर कर्रर्र करतो आणि पडत नाही. आदल्या संध्याकाळी बाबांना बाजारातून गाडी ढकलत आणावी लागली होती. आणि धनजला त्यांचा एक न्यूमोनियाचा रोगी होता, दुसऱ्या दिवशी त्याला पाहणं भाग होतं.

बॉनेटखालचा, त्या तेलाचा डबा मी उघडून पाहिला. तळाशी थोडं उरलं होतं. गळती कुठं आहे ते कळत नव्हतं, कारण खालचा सगळा भाग धूळ आणि तेलानं काळा झाला होता. मी तो फडक्यानं कोरडा पुसला. घरातल्याच दवाखान्यातली बोरिक पावडर सगळ्या नळीवर भुरभुरली. बाबांना पेडल दाबायला सांगितलं. पांढऱ्या पावडरीवर एका जागी काळा ठिपका उमटला आणि पसरला. रबरी नळी खालच्या सिलिंडरला जिथं जोडली होती, तो सांधा.

ही पावडरीची पद्धत मी तुळशीरामकडून पाहिली होती.

माझं पोस्टिंग जम्मूच्या वरच्या अंगाला एका छोट्या लष्करी हॉस्पिटलात होतं. मी लष्करातली नर्स, रँक लेफ्टनंट. कामावर सगळे मला सिस्टर म्हणत. दोन वॉर्ड, एक एम. आय. रूम, म्हणजे रोगी तपासायची खोली, आणि एक स्टोअर. ऑपरेशनची सोय नव्हती. सर्जन खाली बेस हॉस्पिटलात, आणि मध्ये डोंगरातला उतरता रस्ता. आमच्याकडे दोन ॲम्ब्युलन्स होत्या. एक बहुतेक वेळा दुरुस्तीत असे. दुसरी तुळशीरामकडे.

लष्करात गाडी सकाळी लगेच चालू करत नाहीत. आधी फर्स्ट परेड होते. ड्रायव्हर पाणी, तेल, बॅटरी, टायर पाहतो, प्रत्येक नट हातानं चाचपतो, आणि सर्वांत आधी ओणवा होऊन गाडीखालची जमीन पाहतो. वॉर्डच्या खिडकीतून मला ही परेड रोज दिसे. थर्मामीटर रोग्याच्या तोंडात असेपर्यंत मला दुसरं काम नसे. बाकीचे ड्रायव्हर वाकल्यासारखं करत. तुळशीराम खरोखर जमिनीवर पालथा पडे, थंडीतही.

एकदा मी बाहेर येऊन त्याला विचारलं, इंग्रजाळलेल्या हिंदीत, की तो काय शोधतो.

त्यानं उत्तर मराठीत दिलं. “माणसाचं दुखलं का तो बोलते, सिस्टर. गाडी टपकते.” मग म्हणाला, “तुमी कामरगावच्या ना?”

“हो. आपल्याला कसे समजले?”

तो हसला. “नाव पाह्यलं बोर्डावर, तिथल्या डाक्टरसायेबाचंच आडनाव. आमी किन्हीराज्याचे. माई बायको कामरगावची आहे. तिनं तुमचं बोलनं ऐकलं तं म्हणन, ही कोन मडम कामरगावात पैदा झाली.”

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले, बोर्डिंगात राहून. इंग्रजी मला सहज येत होतं. मराठी मी विचार करून बोलत असे, पुस्तकातलं. घरची वऱ्हाडी कानाला कळत होती, पण जिभेवर कधी आली नव्हती. आणली असती तर लोक हसले असते असं मला वाटे. तुळशीराम मी न बोलताही हसत होताच.

“एक डाव तरी वऱ्हाडी बोला, सिस्टर.”

“नंतर.”

“मले पेन्शन भेटल्यावर?”

“तेव्हा पाहू.”

एवढंच आमचं बोलणं. पुढे तो रोज फर्स्ट परेडला मी खिडकीत असले तर पान्यानं मडगार्डवर एकदा टकटक करी. मी मान हलवत असे. अधूनमधून गाडीपाशी उभी राहून तो काय करतो ते पाहत असे. ब्रेक तेलावर कसे चालतात, सिलिंडरमधले रबराचे कप पेट्रोलनं का धुवायचे नाहीत, जुनी तांब्याची वॉशर पुन्हा कशी वापरायची, हे सगळं मी अशीच उभी राहून शिकले. त्याला शिकवतो आहोत असं वाटलं नाही, मला शिकते आहे असं वाटलं नाही. त्याच्या वर्दीच्या कॉलरखाली तुळशीची माळ होती. कँटीनमध्ये रम वाटत तेव्हा तो आपला वाटा दुसऱ्याला देई आणि बदल्यात गूळ घेई.

कामरगावात त्या सकाळी मी सांधा खोलला. माझं डावं मनगट पुरतं वळत नाही, त्यामुळे पाना दोन्ही हातांनी धरावा लागला. आतून तांब्याची एक लहान वॉशर निघाली. पैशाच्या नाण्यापेक्षा लहान. वापरून वापरून ती कडक झाली होती आणि एका अंगाला चिरली होती, म्हणून सांधा घट्ट बसत नव्हता. नवी मिळायची तर अकोल्याला.

मी स्वयंपाकघरात गेले. यमुना सांजोऱ्या लाटत होती. मी चिमट्यात धरून वॉशर चुलीत घातली.

“हे काय वं ताई?” तिनं विचारलं.

“तांबे मऊ करायचे आहे.”

वॉशर लाल झाल्यावर मी ती पाण्याच्या वाटीत टाकली. चर्रर्र झालं. लोखंड असं विझवलं तर कडक होतं. तांबं मऊ होतं आणि पुन्हा दाबून बसतं. यमुनेनं वाटीत बोट घालून वॉशर बाहेर काढली, उन्हाकडे धरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिचे डोळे लाल होते. ते धुरानं असावेत असं आम्ही दोघी धरून चाललो.

मी घरी येऊन पंधरवडा झाला होता. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, “तुळशीराम आमच्याच हॉस्पिटलात होते.” ती म्हणाली, “हाव? चांगले होते ना?” मी म्हटलं, “फार चांगले.” पुढे तिनं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. चौकशीचा निकाल त्यांच्या घरी कळला असणार असं मी समजून होते. गाडीखालून ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं की निकाल डोंगरातच राहिला आणि वास तेवढा किन्हीराज्यापर्यंत आला.

त्या दिवसाचं सांगते.

वरच्या चौकीतून एक शिपाई आणला होता. पोटात दुखत होतं, ताप होता, पोट लाकडासारखं झालं होतं. अपेंडिक्स फुटलेलं. दुसऱ्या स्ट्रेचरवर पायाला फ्रॅक्चर झालेला हवालदार. पावसानं दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद होता. सकाळी वायरलेसवर निरोप आला.

“रोड ओपन फॉर लाइट व्हेइकल्स. ॲम्ब्युलन्स मूव्ह नाऊ. ओव्हर.”

आमचे मेजरसाहेब सेटपाशीच उभे होते. त्यांनी बाहेर येऊन हाक मारली. तुळशीराम गाडीखालून निघाला. त्याच्या बोटांना तेल होतं.

“साहब, पिछले पहिये का ब्रेक लीक है.”

“बन जाएगा?”

“बन जाएगा. फ्लुइड नहीं है. टिन खाली है.”

स्टोअरमध्येही नव्हतं. पुढच्या कॉन्व्हॉयबरोबर येणार होतं. दुसरी ॲम्ब्युलन्स इंजिन उतरवून पडलेली. मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “सर, ही वोन्ट लास्ट टिल इव्हनिंग.” शिपायाचं वय असेल विशी-बाविशी. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो आज आपल्या गावी आहे.

तुळशीरामनं चाक काढलं, सिलिंडर खोलला, कप पुसून पुन्हा बसवला. मग एम. आय. रूमच्या दारात येऊन म्हणाला, “सिस्टर, एरंडेल असंन ना तुमच्यापाशी? जुलाबाचं?”

“आहे.”

“अन् स्पिरिट?”

“ते कशासाठी?”

“नुसतं एरंडेल थंडीत थिजते. स्पिरिटानं पातळ होते. रबराले दोन्ही चालते. आमी बंडीच्या आसाले एरंडेलच देतो ना. जुने ड्रायव्हर लढाईत असंच करत, उस्तादानं सांगतलं होतं.”

मी दोन्ही बाटल्या काढून दिल्या. किडनी ट्रेमध्ये आम्ही ते मिसळलं. म्हणजे मी ओतलं, त्यानं काडीनं ढवळलं. वारा जोराचा होता. गाडीत भरताना बरंच त्याच्या छातीवर आणि बाहीवर सांडलं. त्यानं बाही हुंगली.

“आता सुभेदारसायेब म्हणतीन, तुळश्या पेऊन आला. माया बापानं पाह्यलं तं घरात घेनार नाई.”

मी हसले. त्याला ते दिसलं असावं.

“जाएगी?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“जाएगी साहब. धीरे जाएगी.”

मी मागे पेशंटजवळ बसले. ड्रायव्हरच्या आणि आमच्या मध्ये एक लहान खिडकी होती. त्यातून मला त्याची मान आणि उजवा कान दिसत होता. तो पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. इंजिनावर गाडी रोखत होता, ब्रेक राखून वापरत होता. उतार संपत आला होता. खाली नदीवरचा पूल दिसू लागला होता. तेव्हा मी त्याचा पाय पेडलवर भरभर आपटल्याचा आवाज ऐकला. एकदा, मग पुन्हा.

“सिस्टर, ब्रेक गेला. खाली बसा. पेशंट धरा.”

आवाज चढलेला नव्हता. फर्स्ट परेडला बोलावा तसा होता.

मी खाली बसले आणि दोन्ही स्ट्रेचरच्या मध्ये हात आडवे लावले. हँडब्रेकचा करपल्याचा वास आला. गाडी थांबत नव्हती. समोर वळण, आणि वळणावर दरड उपसणारी मजुरांची टोळी. बायकाही होत्या, डोक्यावर टोपल्या. डाव्या अंगाला दरी. उजव्या अंगाला डोंगराचा कडा.

आपल्या गाड्यांना स्टिअरिंग उजवीकडे असतं. मोटारीत न बसलेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. उजवीकडे वळवली तर कड्याला आधी ड्रायव्हर लागतो. त्यानं हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी उजवीकडे घातली. काही अंतर ती कड्याला घासत गेली, मग एका खडकावर थांबली.

माझं डावं मनगट मोडलं होतं. शिपाई आणि हवालदार स्ट्रेचरला बांधलेले होते, ते जसेच्या तसे होते. मी मागच्या दारानं उतरून पुढे गेले. तुळशीरामच्या बाजूचा सगळा भाग आत आला होता. तो शुद्धीवर होता. मला फक्त त्याचा चेहरा आणि एक हात मोकळा सापडला. मी नाडी धरली.

“पेशंट?” त्यानं विचारलं.

“ठीक आहेत. दोघेही.”

“पानी द्या, सिस्टर.”

पाण्याची बाटली त्याच्या सीटखाली होती. ती सीट कड्यात दबली होती. मी मजुरांना ओरडून पाणी मागितलं. तेवढ्या मोठ्यांदा मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. एक बाई नदीकडे डबा घेऊन धावत गेली. ती येण्याआधी नाडी थांबली. ती आली तेव्हा डबा मी हातात घेतला आणि धरून उभी राहिले. मग तिनंच माझ्या हातातून तो काढून घेतला आणि त्याच्या ओठांवर थोडं पाणी सोडलं.

खालून रिकव्हरी पार्टी आली, अपघातातली गाडी उचलणारी. त्याला काढायला बराच वेळ लागला. काढताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, “पिया हुआ था. सूंघ.” मी तिथंच रस्त्यावर बसले होते, मनगट मांडीवर घेऊन. मला वाटलं, हे ऑफिसात सांगायचं आहे, इथं नाही.

आणि मी सांगितलंही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी प्लॅस्टरमधल्या हातानं उभी राहून साक्ष दिली, इंग्रजीत, स्पष्ट. तेल आणि स्पिरिट माझ्या स्टोअरमधून दिलं. मिसळताना मी हजर होते. ड्रायव्हर मद्य घेत नसे. निकाल लागला, ड्रायव्हरचा दोष नाही. मिश्रण लांबच्या उतारावर तापून निकामी झालं की रबरी कप फाटला, हे ठरवता आलं नाही. सिलिंडरच उरला नव्हता. शिपायाचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. महिन्याभरानं तो चालत सुटीवर गेला. माझं मनगट वाकडं जुळलं. मेडिकल बोर्डानं मला सेवेतून मोकळं केलं.

घरी तार गेली होती. ड्यूटीवर, मोटार अपघातात मृत्यू. तारेत याहून जास्त मावत नाही. बाकीचं रजेवर आलेल्या पोरानं सांगितलं. त्यानंही खोटं सांगितलं नाही. त्याला वास आला होता.

वॉशर बसवून मी सांधा आवळला. आता तेल हवं होतं, आणि त्या जातीचं तेही अकोल्यालाच मिळायचं. बाबा दवाखान्यातून म्हणाले, “बेबी, मोबिल ऑइलचा डबा आहे बघ मागे. तेच घाल.”

“नको. त्याने रबर फुगते.”

“मग?”

मी हात पुसले. दवाखान्याच्या कपाटापाशी गेले. एरंडेलाची बाटली खालच्या फळीवर होती. स्पिरिटची वर, बाबांच्या कुलपात. मी किल्ली मागितली. बाबांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि दिली. बाबांना अपघात माहीत होता. मिश्रणाचं मी त्यांनाही बोलले नव्हते.

ओट्यावर किडनी ट्रे ठेवून मी मिसळायला बसले. वास उठला. तो वास मी त्या रस्त्यानंतर प्रथमच घेत होते. काडी हातात थांबली. मग मी पुन्हा ढवळू लागले. ब्रेकवर मी हे पुन्हा कधी घातलं नसतं. क्लच तापत नाही, आणि क्लच गेला तर गाडी फक्त उभी राहते.

किसनजी खांबाला टेकून बसले होते. डोळ्यांत बाबांनी औषध घातलं होतं, म्हणून मिटलेले.

“एरंडेल आहे का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मोटारीले? हे तं आमी बंडीले देतो.”

“हो.”

तेल भरल्यावर नळीतली हवा काढावी लागते. हवा राहिली तर पेडल मऊच राहतं. त्याला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली निपलशी, म्हणजे हवा सोडायच्या तोंडाशी. बाबांकडे रोगी आला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“यमुना, जरा मोटारीत बसशील? पाय ठेवायचा आहे.”

ती हात पुसत आली. किसनजींनी डोळे किलकिले केले. “बाईमानसानं मोटारीत बसाचं काय काम?”

“तुमच्या बंडीत बसाले सांगून राह्यले होते ना, मामाजी,” ती म्हणाली. “मी याच्यात बसतो.”

लुगड्याचा ओचा सावरून ती स्टिअरिंगमागे बसली. मी तिला डावं पेडल दाखवलं आणि ट्रे घेऊन खाली गेले.

“दाब.”

तिनं दाबलं. मी निपल उघडलं. तेलाबरोबर बुडबुडे आले.

“धर.” मी निपल आवळलं. “सोड.”

“दाब. धर. सोड.”

काही वेळानं मला सांगावं लागेना. वरून तीच हलक्या आवाजात म्हणू लागली, दाबलं, धरलं, सोडलं. मग थांबून म्हणाली, “ताई, ते असंच बसत असतीन ना? इथंच?”

“हो. तिथेच.”

“मंग तुमी कुठं बसत?”

“मागे. पेशंटजवळ.”

तिनं पेडल पुन्हा खाली नेलं. मग म्हणाली, “दाबलं.”

शेवटी बुडबुडे थांबले. “आता टणक लागून राह्यलं,” ती म्हणाली. निपल आवळताना पाना निसटला. माझं मनगट वेळेवर वळलं नाही. ट्रे कलंडली आणि उरलेलं सगळं माझ्या बाहीवर आणि छातीवर सांडलं. साडीवर मी बाबांचा जुना कोट घातला होता. तो भिजला.

मी गाडीखालून निघून उभी राहिले. किसनजी ओट्यावरून उतरत होते, बंडी जुंपायला. ते माझ्याजवळून गेले, थांबले, मागे सरले आणि उपरण्याचं टोक नाकाला लावलं. दवाखान्याच्या खिडकीकडे तोंड करून, आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाले,

“डाक्टरसायेब, राग नका मानू. पोरीच्या अंगाले दारूचा वास येऊन राह्यला.”

बाबा खिडकीत आले. यमुना मोटारीतच होती, पेडलवर पाय तसाच ठेवून. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला आधी इंग्रजी वाक्यं सुचली, साक्षीतली. ती जशीच्या तशी पाठ होती. मग पुस्तकी मराठी. दोन्ही मी सोडून दिली. ओली बाही पुढे केली. किसनजींनी उपरणं नाकावरून काढलं नाही, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि त्यांची बोटं बाहीच्या कापडावर ठेवली. बोटं चिकट झाली. शेतकऱ्याच्या बोटांना एरंडेल कळतं. त्यांनी ती एकमेकांवर घासली, मग नाकाशी नेली. त्यांच्या मिचमिच्या, औषधानं पाणावलेल्या डोळ्यांना माझा चेहरा नीट दिसत नसावा. त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

“बाबाजी, हाच वास होता त्याच्या अंगाले. एरंडेल अन् स्पिरिट. मायाच हातानं देल्लं मी त्याले, ब्रेकात टाकाले. तो पेला नाई, गाडीले पाजलं त्यानं, पेशंट खाली न्यायचा होता म्हून. पेशंट वाचला. मी वाचली. तो पानी मागत गेला, बाबाजी, अन् मले त्याले पानी देता नाई आलं. त्याची घागर भरा.”